अलवंतिणीची पॉवर

“हडळीनं मुंजा खाल्ला!” सम्राट आवटी टेबलावर हात आपटून ओरडला आणि दारात कुणीतरी खाकरलं.

दारात साठीच्या पुढचा एक माणूस उभा होता. पांढरी विजार, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात दळणाचा डबा. मिशा मात्र काळ्या कुळकुळीत, कलप लावलेल्या, आणि इतक्या ऐसपैस की चेहऱ्याचा खालचा मजला त्यांना भाड्यानं दिल्यासारखा वाटावा.

“खाली दळण टाकायला येतोय मी,” तो म्हणाला. “येईल तवा वरनं आरडाओरडा. परवा म्हणं वेताळ मेला. काल गिऱ्ह्याला कुणी बादलीत बुडवला. आज मुंजा खाल्ला. हे चाललंय काय?”

“खेळ आहे काका,” मी म्हणाले. “भुतांचे पत्ते.”

“नियम असतील की मग.”

“आहेत.”

“दाखवा.”

डबा खाली ठेवून त्यानं खिशातून चष्मा काढला आणि आमच्या परवानगीशिवाय खुर्ची ओढून बसला. हिंदुराव पाटणे आमच्या आयुष्यात आले ते असे.

आमची कंपनी तेव्हा सांगलीत गावभागात एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. कंपनी म्हणजे आम्ही तिघं. सम्राट हा इंजिनियर. पुण्याची नोकरी सोडून आलेला. त्याचे वडील, अप्पा, हळदीचे अडते होते आणि मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की “कंप्युटरमध्ये आहे” असं सांगून विषय बदलायचे. विदेशी राक्षसांचे नि ड्रॅगनांचे पत्ते गल्लीतली पोरं वेड्यासारखी जमवतात हे बघून त्याच्या डोक्यात एक प्रश्न आला होता: “आपली भुतं काय मेलीत का?” कंपनीमागचा विचार म्हणाल तर एवढाच.

दुसरा इलाही मुजावर, मिरजेचा. चित्रं तो काढायचा. भुताचं चित्र त्याच्यासारखं काढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, कारण त्याला भुतांची खरोखरच भीती वाटायची. खवीस रंगवला त्या आठवड्यात तो जिन्याखालच्या संडासात एकटा जात नव्हता. सम्राटला बाहेर उभं राहून गाणं म्हणावं लागायचं.

आणि तिसरी मी, ऋजुता चौगुले. मराठी घेऊन एम. ए. केलेलं, त्यामुळे पत्त्यावरचा मजकूर आणि खेळाचे नियम माझ्याकडे. खेळाचं नाव ‘भूतमेळा’. दुकानातून बंद पाकीट घ्यायचं, आत कुठली भुतं निघतील ते नशीब. जमवायची, मित्राशी बदलायची, दोन मुंजे देऊन एक खवीस घ्यायचा आणि मग एकमेकांच्या अंगावर सोडायची. प्रत्येक पत्त्यावर भुताचं गाव, त्याची खोड, त्याची पॉवर आणि ते कशानं हटतं हे छापलेलं. लिंबू, राळ्याचे दाणे, खिळा, उंबराची फांदी असे हटवायचे पत्ते वेगळे.

हिंदुरावांनी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. खाली गिरणी चालू होती, त्यामुळे टेबल, पत्ते, चष्मा आणि मिशा सगळंच थरथरत होतं.

“खविसाला डोकं न्हाई असं लिहिलंय.”

“नसतंच.”

“मग चकवा त्याची वाट कशी चुकवतो? ज्याला दिसतच न्हाई, त्याला वाट चुकवून काय उपेग?”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मी कबड्डीचा पंच आहे,” ते म्हणाले. “आयुष्यभर पोरांच्या तंगड्या बघितल्या. रेष कुठं आणि पाय कुठं, एवढंच बघायचं. तुमच्या खेळात रेषच न्हाई.”

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. घरी बायको नव्हती, मुलगी बेळगावला दिलेली, आणि जिल्ह्यात त्यांना आता कुणी सामन्याला बोलवत नव्हतं. कारण एका अंतिम सामन्यात त्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या मुलाला बाद दिलं होतं. अगदी खरं सांगायचं तर ते आम्हाला तापच होते. प्रत्येक डावाआधी खेळाडूंनी उठून जमिनीला हात लावून नमस्कार करावा, असा त्यांचा हट्ट. मध्यंतर असावं, मध्यंतरात लिंबू-सरबत असावं. आणि हरले की लगेच नियमात खोट काढायची. एकदा झोटिंगानं त्यांची तीन भुतं गिळली, तेव्हा त्यांनी झोटिंग बेकायदेशीर ठरवला होता.

“झोटिंगाची हद्द कुठली?” 

“पंच, भुताला हद्द नसते.”

“मग देवळं गावाच्या वेशीवर कशाला बांधत्यात?”

पण खेळ त्यांच्यामुळे सुधारत गेला हेही खरं. आणि त्यांना तो आवडायचा. मुंजा पिंपळावर चढवताना ते अंगठ्यानं पत्ता असा अलगद सरकवायचे, जसं काही पोर झोपलंय.

धनेश शहा पुण्याहून येणार असं ठरलं आणि सम्राटची झोप उडाली. शहा खेळण्यांचे मोठे व्यापारी. त्यांनी मनावर घेतलं असतं तर ‘भूतमेळा’ नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक दुकानात लटकला असता. नाही घेतलं तर सम्राटला कंप्युटरमध्ये परत जावं लागणार होतं. इलाहीला लग्नाच्या पत्रिका रंगवाव्या लागल्या असत्या, आणि माझ्या घरी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

“एक चमकीचं कार्ड पाहिजे,” सम्राट म्हणाला. “शंभर पाकिटांत एकच निघेल असं. बघणाऱ्याची फाटली पाहिजे.”

ते कार्ड म्हणजे अलवंतीण. बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. तिचा मजकूर माझ्याकडे तयार होता. माझी मावशी खैराव नावाच्या गावात दिलेली, तिनं मला लहानपणी जेवताना ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की मी भीतीनं दोन भाकरी जास्त खायचे. इलाहीनं चित्राला आठवडा लावला. मोकळे केस, पांढरं लुगडं, पुढं आलेले दात, रिकाम्या झोळीकडे पसरलेले हात. शेवटी डोळे काढून झाले तेव्हा त्यानं कागद पालथा घातला आणि आईला फोन केला.

शहा आले त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती, त्यामुळे सगळं विलक्षण शांत. सम्राट इस्त्रीच्या शर्टात, इलाहीनं दाढी केलेली. शहा गोरेपान, गोल, हसरे गृहस्थ. त्यांना सांगून काही कळणार नाही, खेळूनच कळेल, म्हणून सम्राटनं त्यांना आमच्या सर्वांत मुरलेल्या खेळाडूसमोर बसवलं. हिंदुरावांनी उठून जमिनीला हात लावला. शहांनीही गोंधळून लावला.

डाव छान रंगला. शहांना मुंजा आवडला, गिऱ्ह्याच्या शेंडीचा नियम तर फारच आवडला. गिऱ्ह्याची शेंडी तुमच्या हातात असेल तोवर तो तुमचं काम करतो, शेंडी गेली की तुमचंच डोकं फोडतो. “आमच्या मॅनेजरसारखं,” शहा म्हणाले आणि स्वतःच खूप हसले. सम्राट त्यांच्यापेक्षा जास्त हसला.

मग शहांच्या हातात चमकीचं कार्ड आलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून हलवलं, डोळे चमकले. “वा! ही तर बॉक्सवरच टाकू आपण.” आणि त्यांनी तिला हिंदुरावांच्या समोर मांडलं.

मी हिंदुरावांच्या मागेच उभी होते. त्यांच्या हातात खिळा होता. तो टाकला असता तर अलवंतीण बाद, शहांची दोन्ही भुतं उघडी आणि डाव हिंदुरावांचा. अगदी सोपी खेळी. हिंदुराव पत्त्याकडे बघत बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि बघितलं.

“पंच, खेळा की,” सम्राट म्हणाला.

“न्हाई.”

“पास?”

“पास न्हाई. खिळा हाय माझ्याकडं.” त्यांनी पत्ता उलटून सगळ्यांना दाखवला आणि खाली ठेवला. “मारणार न्हाई.”

“अहो, कार्ड आहे ते!” शहा हसत म्हणाले.

“हे कुणी लिहिलं?” हिंदुरावांनी अलवंतिणीखालच्या ओळींवर बोट ठेवलं.

“मी,” मी म्हणाले.

“खैराव कुठनं आणलंस?”

“माझी मावशी तिथली आहे. तिनं सांगितलं होतं.”

“मावशीचं घर कुठल्या आळीला?”

“वरच्या.”

“मग बराबर हाय. वरच्या आळीच्या बायका लई रंगवून सांगायच्या.” त्यांनी बोट पत्त्यावरच ठेवलं. “ही माझी आई.”

इलाहीनं हात लांब करून तो पत्ता पटकन पालथा घातला. जणू त्यामुळं तिचे दात आत जाणार होते.

“असू द्या, असू द्या,” हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी तो परत सुलटा केला.

“पंच, आम्हाला खरंच माहीत नव्हतं,” सम्राट म्हणाला. त्याचा इस्त्रीचा शर्ट काखेत भिजला होता.

“तुम्हाला कसं असणार? मी कधी कुणाला सांगितलंच न्हाई. खैराव सोडलं, सांगलीत आलो, तवा म्हटलं सुटलो. तिथं मला सगळी अलवंतिणीचा म्हणायची. नाव हिंदुराव हाय हे शाळेत गेल्यावर मास्तरांनी सांगितलं.” त्यांनी एक घोट पाणी घेतलं. “मी झालो आणि ती गेली. एकाच दिवशी. आज्जीनं मसणवाटेपासनं घरापर्यंत राळे टाकले. भुताला ते सगळे वेचल्याबिगर म्होरं येता येत न्हाई म्हणं. वर उंबऱ्यात हा एवढा खिळा मारला. लेकरासाठी परत येती ना ती. मला न्यायला.”

शहांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

“आणि दिसायची सगळ्यांना. पाटलाच्या गड्याला ओढ्याला दिसली. सुताराच्या म्हातारीला दिसली. एकदा तर यष्टीच्या कंडक्टरला दिसली. तो परगावचा, त्याचा काय संबंध? मला एकट्याला दिसली न्हाई. मी म्हटलं, खिळ्यानं अडत असंल. पक्कड घेतली आणि काढला. आज्जीनं मला बडवला, परत ठोकला. मी परत काढला. ती ठोकायची, मी काढायचा. शेवटी उंबऱ्याला एवढं मोठं भोक पडलं की त्यात खिळा बसंना.”

“मग?” इलाहीनं विचारलं.

“मग काय? न्हाई आली.”

ते असं म्हणाले, जसं एखाद्या सामन्याचा निकाल सांगावा.

शहा खुर्चीत सावरून बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्यातूनही त्यांचं व्यापारी डोकं चालूच होतं. “हे बघा आवटी,” ते हळू म्हणाले, “हे कार्ड काढून टाका. गावांची नावंसुद्धा काढा सगळ्या कार्डांवरची. आज हे आहेत, उद्या कुणी कोर्टात जाईल. भूत हे कुणाचंच नसलेलं बरं. एवढं करा, बाकी गेम मी उचलतो. अख्खा.”

सम्राटनं सुटकेचा श्वास टाकला. “काढतो. आत्ताच्या आत्ता. पंच, माफ करा, हे कार्ड तुम्हाला परत दिसणार नाही.”

“काढा म्हटलं का मी?” हिंदुराव म्हणाले.

पत्त्याकडे गेलेला सम्राटचा हात वाटेतच थांबला.

“ओढ्यावर पूल झाला. तिथं आता ढाबा हाय. मागच्या जत्रंला गेलो, पोरांना इचारलं, अलवंतीण कुठं बसायची रं? म्हणत्यात, ती कोण? गाव भीत होतं तवर ती होती. आता कुणी भीतच न्हाई. एक फोटू न्हाई तिचा. लुगडं न्हाई, भांडं न्हाई. आज्जीनं सगळं जाळलं.” त्यांनी पत्त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. “इतक्या वर्सांनी पयल्यांदा बघतोय तिला, आणि तुम्ही म्हणता काढतो.”

“मग काय करायचं म्हणता काका?” शहांनी विचारलं.

“पॉवर वाढवा.”

“काय?”

“सहा लिहिलीय. सहा कमी होतीय. अख्खं गाव दिवे लागायच्या आत दारं लावून बसायचं तिच्यापायी. हडळीला किती दिलीय?”

“सात,” मी म्हणाले.

“हडळीला सात! कुणाची कोण ती! आणि वेताळाला?”

“नऊ.”

“वेताळ करतो काय? पालखीत बसून फिरतो. मिरवणुकीला कसली नऊ?”

आणि इथं सम्राटमधला इंजिनियर जागा झाला. दोन मिनिटांपूर्वी माफी मागणारा तोच माणूस, पण पॉवरचा हिशेब ही त्याची दुखरी नस. महिनोन् महिने खपून त्यानं प्रत्येक भुताचा तोल बसवला होता. “पंच, वेताळ राजा आहे भुतांचा. त्याच्या बरोबरीला कुणी आलं की सगळा डेक कोसळतो. मी तुमच्या आईला—” तो अडकला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. “म्हणजे... तुमच्या आईला नऊ देता येणार नाही, असं म्हणत होतो.”

हिंदुरावांच्या मिशा हलल्या. आधी वाटलं चिडले. मग कळलं, हसतायत. मग इलाही फिस्सकन् हसला, मग मी, आणि शेवटी शहासुद्धा रुमालात तोंड खुपसून गदगदायला लागले.

“आठ,” हिंदुराव म्हणाले.

“साडेसात.”

“भुताच्या पॉवरला पावकी-निमकी करतोस व्हय रं? अडत्याचं पोरगं शोभतोस.”

“बरं, आठ.”

“आणि खिळा चालणार न्हाई तिला.”

“पंच, कशानं तरी हटायला पाहिजे ना! तुम्हीच सांगा. न हटणारा पत्ता ज्याच्या पाकिटात निघाला, तो जिंकला. मग खेळ कशाला? रेष नको?”

रेषेचं नाव काढल्यावर हिंदुरावांना गप्प बसावंच लागलं. ते बराच वेळ एका मिशीचं टोक पिळत राहिले.

“लेकरू,” ते म्हणाले.

“लेकरू म्हणजे?”

“लेकराचा एक पत्ता करा. पॉवर शून्य. कुणीबी यावं आणि टपली मारावी, असं. पण अलवंतीण पुढ्यात आली की त्याला तिच्यासमोर ठेवायचं. मग ती काय करत न्हाई कुणाला. लेकरू उचलती आणि जाती. दोन्ही पत्ते डावातनं बाद.” त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. “बसतंय का नियमात?”

मी मनातल्या मनात तो नियम उलटासुलटा करून पाहिला. शून्य पॉवरचं ओझं हातात घेऊन खेळायचं, त्याला सगळ्यांपासून जपायचं, कारण न जाणो ती आली तर वेताळ सोडून दुसरं काहीच उपयोगाचं नाही. “बसतंय,” मी म्हणाले. “आपल्या सगळ्या नियमांपेक्षा चांगला आहे.”

शहांनी मान हलवली. “नाही चालणार. पोरं भुतं विकत घेतात, तान्ही बाळं नाही. पाकीट फोडलं आणि आत झिरो पॉवरचं बाळ निघालं, तर दुकानदाराच्या डोक्यावर आणून आपटतील. आणि कार्डामागे खऱ्या माणसाची भानगड आहे हे माहीत असताना मी हात घालणार नाही. आवटी, सरळ सांगतो. बाई काढा, बाळ काढा, मी आहे. ठेवायचं असेल तर शुभेच्छा.”

सम्राटनं माझ्याकडे पाहिलं. मग इलाहीकडे. हिंदुरावांकडे त्यानं बघितलं नाही, आणि हिंदुरावही खिडकीबाहेर बघत होते. मत द्यायचं नाही ही पंचाची जुनी सवय.

“शहाजी,” सम्राट म्हणाला, “चहा घेऊन जा.”

शहांनी चहा घेतला, चांगला होता म्हणाले, आणि जाताना नातवासाठी दोन पाकिटं मागून घेतली. त्यातल्या एकात खवीस असावा म्हणून पाकीट बाहेरून दाबून दाबून बघितलंही. डोकं नसलेलं भूत बाहेरून कसं कळणार, कोण जाणे.

ते गेल्यावर सम्राट खुर्चीत कोसळला. “संपलो,” तो म्हणाला. “अप्पांना काय सांगू?”

“सांग, कंप्युटर बिघडला,” इलाही म्हणाला. त्यानं कोरा कागद पुढे ओढला होता आणि पेन्सिलीला टोक करत होता. “पंच, ती दिसायला कशी होती?”

“मला काय ठाऊक? मी दारातनं आत आलो आणि ती मागल्या दारानं गेली.”

“घरात कुणी काही म्हणायचं?”

“आज्जी चिडली की म्हणायची, आईचं थोबाड घेऊन आलाय.”

इलाहीनं पेन्सिल थांबवली. हिंदुरावांकडे नीट, निरखून बघितलं. मग म्हणाला, “पंच, जरा मिशा झाका.”

“काय?”

“हातानं. मिशा झाका.”

हिंदुरावांनी पंजा तोंडावर धरला. “असं नाही, नाक मोकळं ठेवा. वर बघा. खिडकीकडं.” ते खिडकीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी मिशा दाबून बसले, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरगी बसते तसे. मिशांच्या वर राहिले ते मोठे, थोडे खाली झुकलेले डोळे, रुंद कपाळ आणि सरळ नाक. इलाही काढत राहिला. डोक्यावर पदर आला, कपाळाला कुंकू आलं, वय चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी उतरत गेलं. ते बघताना मला एकदम जाणवलं की मेली तेव्हा ती माझ्याहून लहान असणार.

“दात काढून टाकतो आता,” इलाही म्हणाला.

“दात ऱ्हाऊ द्या.” हिंदुरावांनी मिशा वर उचलून दाखवल्या. त्यांचे पुढचे दोन्ही दात चांगले हातभर पुढे होते. “उगंच वाढवल्या व्हय एवढ्या?”

मी मजकूर दुरुस्त करायला घेतला. “पंच, त्यांचं नाव काय होतं? खाली बारीक अक्षरात टाकते.”

त्यांनी नाव सांगितलं. गावात ते कुणी उच्चारत नसे, उच्चारलं की येते म्हणून. मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचलं तसे ते एकदम दाराकडे बघायला लागले. दारात अर्थातच कुणी नव्हतं.

“छापू नको पोरी,” मग ते म्हणाले. “अलवंतीणच बरी. पोरांना भ्या वाटलं पायजे. नाव घरातलं हाय, ते घरात ऱ्हाऊ दे.”

म्हणून मी इथेही लिहीत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. शहांशिवाय आम्ही मिरजेच्या एका छापखान्यातून जमेल तेवढी पाकिटं काढली आणि सांगली, कराड, कोल्हापूरच्या शाळांबाहेर विकली. तीन-चार वर्षं बरी गेली, मग मोबाईल आले आणि पोरांनी भुतं सोडली. सम्राट हळदीच्या पेढीवर बसतो. इलाही मुंबईला सिनेमांसाठी राक्षस काढतो आणि अजून दिवा लावून झोपतो. मी पुण्यात एका कंपनीत आहे, पगार बरा आहे, कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण एका बाबतीत शहा साफ चुकले होते. त्या वर्षी शाळांच्या फाटकांबाहेर सगळ्यांत महाग कार्ड ठरलं ते लेकरू. एका लेकराला तीन खवीस असा भाव चालायचा, आणि तरी द्यायला कुणी तयार नसायचं.

मला मात्र आठवतो तो छापखान्यातून नमुन्याचे पत्ते आले तो दिवस. दुपारची वेळ, गिरणी दणदणत होती. शाईचा वास अजून गेला नव्हता. सम्राटनं पत्ते वाटले, हिंदुरावांनी जमिनीला हात लावला आणि डाव सुरू झाला.

सुरुवातीलाच त्यांच्या हातात लेकरू आलं. मला दिसलं, कारण मी त्यांच्या बाजूलाच बसले होते. इलाहीनं ते अगदी साधं काढलं होतं. उघडंबागडं, मूठ तोंडात घातलेलं, डोळे मोठे. हिंदुरावांनी ते पत्त्यांच्या अगदी मागे लपवलं आणि डाव खेळू लागले. फार सुंदर खेळले. झोटिंगाला राळ्यात गुंतवला, सम्राटचा गिऱ्हा शेंडीसकट पळवला. बघता बघता सम्राटकडे दोनच भुतं उरली, आणि हिंदुरावांच्या बाजूला वेताळासकट सहा. वेताळ समोर असताना अलवंतिणीची आठ पॉवर काहीच नव्हती. ती आली असती तरी ते वेताळाला पुढे करून तिला सहज परतवू शकत होते. लेकराची गरजसुद्धा नव्हती.

सम्राटनं पत्ता ओढला, बघितला आणि जरा घुटमळला. मग ती मांडली.

पदर घेतलेली, खाली झुकलेल्या मोठ्या डोळ्यांची, दात पुढे असलेली बाई. चमकीवरून उन्हाची तिरीप सरकली.

“पंच, वेताळ टाका,” इलाही कुजबुजला.

हिंदुरावांनी वेताळाला हात लावला नाही. त्यांनी हातातल्या पत्त्यांमागून लेकरू काढलं आणि अंगठ्यानं हळूच पुढे सरकवत तिच्यासमोर नेलं. अगदी तिच्या कडेला लागेपर्यंत.

सम्राटनं आपणहून हात मागे घेतला.

हिंदुरावांनी दोन्ही पत्ते उचलले. आधी तिचा, मग त्यावर लेकराचा. कडा जुळवल्या आणि टेबलाच्या दूरच्या टोकाला, डावाच्या बाहेर ठेवले. थोडा वेळ तिकडे बघत बसले.

“गेली घेऊन,” ते म्हणाले.

आणि मग डाव भराभर घसरला. ती खेळी फुकट गेल्यामुळे सम्राटला एक जादा पाळी मिळाली, त्यात चकवा निघाला, वेताळ आपल्याच मिरवणुकीत हरवला, आणि हिंदुराव चारीमुंड्या चीत झाले. पत्ते गोळा करताना सम्राटला राहवेना.

“पंच, वेताळ टाकला असता तर जिंकला होतात तुम्ही. लेकरू वाया घालवलंत.”

मी वाट बघत होते की ते आता नियमात खोट काढतील. चकव्याची हद्द विचारतील, नाहीतर मध्यंतर झालं नाही म्हणून डाव रद्द करतील.

“माहीत हाय मला,” हिंदुराव म्हणाले, आणि त्यांनी गड्डी सम्राटपुढे सरकवली. “वाट परत.”